एवारिस्तोचं मिटलेलं गाणं

दारात नेमेसिओ टोपी हातात घेऊन उभा दिसला, आणि तो कशासाठी आलाय हे सोराइदाला तिथल्या तिथे कळलं. नेमेसिओ म्हणजे आमच्या संगीत मंडळाचा अध्यक्ष. धंद्याने न्हावी. एरवी त्याची टोपी डोक्यावरून हलत नाही. ती हातात आली की समजायचं, कुणीतरी गेलंय, नाहीतर गेलेल्यासाठी काहीतरी करायचंय. सोराइदाने त्याला बस म्हटलं नाही. गुडघे दुखत होते आणि चुलीवर बटाटे उकळत होते.

“रविवारी एवारिस्तोला वर्ष होतंय, सेन्योरा,” नेमेसिओ म्हणाला. “गाणं उघडायचंय. आठवण तुम्हीच सांगणार, हे धरूनच चाललोय आम्ही.”

“धरू नका,” सोराइदा म्हणाली. “माझं आटलंय सगळं. दुसरं कुणीतरी बघा.”

नेमेसिओला वाटलं, बाई जरा मान मागतेय. त्याने दोन-चार गोड शब्द टाकून पाहिले. मग बटाट्यांचं पाणी उतू गेलं, ती आत वळली ती परत आलीच नाही, आणि अध्यक्ष टोपी डोक्यावर ठेवून गल्लीतून निघून गेला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. मेलेल्यांबद्दल बोलायचं म्हणजे सोराइदाने बोलायचं, ही आमच्या लिमातल्या बारिओस आल्तोस वस्तीतली इतकी जुनी रीत की ती बाई कधी दमू शकते, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ही रीत पडली कशी, तेही ऐका. तरुणपणी सोराइदा कोपऱ्यावरच्या थिएटरात तिकीट-खिडकीवर बसायची. आता त्या थिएटरात प्रार्थना चालतात, खुर्च्या मात्र त्याच आहेत. एकदा मेक्सिकोची कुणी मोठी नटी वारल्याची बातमी आली, आणि खिडकीत बसल्या बसल्या सोराइदाला रडू फुटलं. रांगेतल्या माणसाने विचारलं, काय झालं हो? ती सांगत सुटली. ती नटी कुठल्या सिनेमात जिना कशी उतरली, रडताना डावा डोळा आधी कसा भरायचा, नवऱ्याला थप्पड मारल्यावर स्वतःचाच हात कसा धरून ठेवायची. रांग तशीच थांबली, लोक तिकिटं विसरले, आत सिनेमा सुरू झाला तरी कुणी हलेना. मालक आधी चिडला आणि मग तोही ऐकत उभा राहिला. पुढच्याच महिन्यात मंडळातला एक गिटारवाला गेला. त्याच्या बायकोने येऊन सांगितलं, त्या नटीबद्दल बोललीस तसं माझ्या माणसाबद्दल बोल. झालं. तिथून सोराइदाच्या मागे हे काम लागलं ते सुटलंच नाही.

आणि बाई बोलायचीही खरी. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडे चालतंच. हिचं तसं नव्हतं. गेलेला चिकट असेल तर चिकट होता म्हणायची, लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांना तो माणूस समोर बसल्यासारखा वाटायचा. फक्त एक व्हायचं. कुणी आजारी पडलं आणि सोराइदा विचारपूस करायला गेली, की आजारी माणूस भिंतीकडे तोंड फिरवायचा. भाषणाचं सामान गोळा करायला आली बघ, म्हणायचे. लेओन्सिओ फार्फान, आमच्या निम्म्या गाण्यांचे शब्द ज्याचे, तो शेवटच्या दुखण्यात तिला म्हणाला होता, मेल्यावर काय बोलणार आहेस ते आत्ताच म्हणून दाखव, भाषा चुकली असेल तर सुधारून देतो. तिने म्हणून दाखवलं. त्याने दोन ठिकाणी हरकत घेतली आणि चौथ्या दिवशी गेला.

आता मंडळाचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यातलं कुणी गेलं की त्याचं गाणं मिटायचं. ज्याचं जे गाणं ओळखीचं, ते. वर्षभर ते मंडळात कुणी म्हणायचं नाही, गुणगुणायचंही नाही, तबकडीही लावायची नाही. वर्ष झालं की येणाऱ्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आठवण सांगायची, आणि गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने उभं राहून ते गाणं पहिल्यांदा म्हणायचं. त्याला आम्ही उघडणं म्हणतो. एकदा उघडलं की ते सगळ्यांचं. त्या रविवारी नाही उघडलं तर मात्र आणखी वर्षभर बंद. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. लिहिलेला असता तर आमच्या लोकांनी केव्हाच त्यातून वाट काढली असती.

नियमापायी आमची कमी फजिती झालेली नाही. लेओन्सिओ गेला तेव्हा भांडणच जुंपलं. तो गायचा नाही, लिहायचा. मग त्याची सगळीच गाणी मिटवायची का? मिटवली असती तर वर्षभर नुसती गिटार कुरवाळत बसावं लागलं असतं. शेवटी ठरलं की एकच मिटवायचं, आणि कुठलं ते घरच्यांनी सांगायचं. घरच्यांनी असं गाणं निवडलं, जे कधीच कुणाला आवडलं नव्हतं. मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सोराइदा सगळ्यांवर चिडली. पण आंपारोच्या वेळेस तर कहर झाला. आंपारो रेडिओवरच्या मालिकेत खाष्ट सावत्र आई व्हायची, सगळं लिमा तिला शिव्या घालायचं, आणि मंडळात येऊन ती बिचारी सगळ्यांना पानात उकडलेले मक्याचे तमाल वाढायची. तिला गाता येत नव्हतं. तिचं काय मिटवणार? तर मालिकेतलं तिचं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं, ‘दार लाव, पोरी’. तेच मिटवलं. वर्षभर आमच्या हॉलमध्ये कुणाला ‘दार लाव’ म्हणायची सोय राहिली नाही. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, त्यात दार सताड उघडं, ओली हवा थेट आत, आणि अख्खं मंडळ सर्दीने बेजार. पण कुणी तोंड उघडलं नाही. सोराइदाने तर शाल गुंडाळून शिंकत शिंकत सबंध वर्ष काढलं, आणि उठून दार लावायचं तिच्याही मनात आलं नाही.

असं ते हसण्यासारखं होतं तोवर ठीक होतं. मग जाणाऱ्यांची रांगच लागली. पोल्का म्हणणारी दोमितिला गेली, तिच्याबरोबर तिची पोल्का गेली. लाकडी खोक्यावर ताल धरणाऱ्या दोघा भावांतला थोरला गेला, मग धाकटा गेला. एक गाणं उघडावं तर दोन मिटायची. रविवारी दुपारी गिटारी जुळवून झाल्या की माणसं एकमेकांकडे बघायची, आज म्हणायला काय उरलंय? आणि दर वेळेला सोराइदा उभी. अंत्यविधीला, महिन्याला, वर्षाला. घरी गेल्यावर तिच्याने चपला काढणं व्हायचं नाही, तशीच खाटेवर बसून राहायची.

त्यातच गेल्या ऑगस्टात एवारिस्तो काम्पोदोनिको गेला.

एवारिस्तो मंडळाचा आवाज होता, हे तर सगळे सांगतील. सोराइदासाठी तो भिंतीपलीकडचा माणूस होता. एकाच गल्लीत, एकाच नळावर, खोलीला खोली लागून. ती विधवा, त्याने लग्न केलेलं नाही. रविवारी मंडळातून आले की तो तिच्याकडे काऊकाऊ, म्हणजे आतडी-बटाट्याचा रस्सा, खायचा, आतड्यांचे तुकडे वेचून वेचून बाजूला काढायचा आणि नुसते बटाटे खायचा. इतकी वर्षं ती त्याला आतडी वाढत राहिली आणि तो काढत राहिला. बोलणाऱ्यांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. प्रेम होतं, दुसरं काय? दोघांनी कधी तसं म्हटलं नाही, एवढंच.

तो गेल्यावर सोराइदाने त्याची आठवण सांगितली. चांगली सांगितली. इतकी चांगली की रेडिओवाल्यांनी बोलावून पुन्हा सांगायला लावली. मग चर्चमध्ये, मग महिन्याच्या प्रार्थनेला, मग त्याच्या पुतण्यांना ऐकायची होती म्हणून त्यांच्या घरी. तेच शब्द, तीच थांबायची ठिकाणं, लोक रडायची जागाही तीच. आणि एका सकाळी नळावर बादली भरताना तिला वाटलं, आज तो पलीकडून कसा हाक मारायचा ते आठवून बघू. आठवेना. तो काय म्हणायचा ते आठवत होतं, म्हणजे शब्द. पण आवाज येईना. जे येत होतं ते तिचं स्वतःचंच भाषण होतं. बादली भरून वाहू लागली, मागची बाई ओरडली, तरी ही तिथेच उभी. सांगून सांगून तिने तो माणूस झिजवून टाकला होता, असं तिला वाटलं, आणि त्या दिवसापासून तिने त्याचं नावही काढलं नाही.

तबकडी ऐकायची सोय नव्हती. नियम म्हणजे नियम. तिने मनाशी एकच धरलं होतं. वर्ष सरेल, गाणं उघडेल, आणि त्याचं ते ‘पाटाचं पाणी’ कुणीतरी म्हटलं की कदाचित तो ऐकू येईल. नाही आला तर तो खरंच गेला. बोलायला ती नाही म्हणाली ती यासाठी. आणखी एकदा तीच भाषणाची चक्की फिरवली असती तर उरलंसुरलंही पीठ झालं असतं.

आणि नेमका उघडणाराच अडून बसला. नेमेसिओ त्याच्याकडे जाऊन हात हलवत परत आला, हे तिला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं. उघडायचं होतं रोमुलो किन्येने. एवारिस्तोची जोडी त्याच्याशी. सारा जन्म दोघांनी मिळून गायलेलं: एवारिस्तो वरचा सूर, रोमुलो खालचा. यापेक्षा जवळचं दुसरं कोण असणार? सोराइदा दुखऱ्या गुडघ्यांनी पूल ओलांडून त्याच्या लेकीच्या घरी गेली. रोमुलो खिडकीशी घोंगडी घेऊन बसला होता. वय झालेलं, दिसायचं कमी, जीभ मात्र शाबूत.

“माझीच आठवण जमवायला आलीस का?” त्याने विचारलं. “थोडी कळ काढ. फार नाही काढावी लागणार.”

“रविवारी तू गाणार नाहीस म्हणतोस.”

“गाऊ काय? मी दुसरा आवाज आहे, सोराइदा. मला खालचं येतं. वरचं डोक्यात आहे, घशात नाही. सुरुवात केली की गळा आपोआप खाली जातो. घरी म्हणून बघितलं. माझी नात म्हणाली, आजोबा, हे कुठलं गाणं?”

सोराइदाने खूप समजावलं. खिजवूनही पाहिलं, की जन्मभर मागे लपून गायलास, आता पुढे यायची वेळ आली तर पाय कापतात. रोमुलो रागावला नाही. तो नुसता म्हणाला, “वर कुणी नसलं की खालच्याला अर्थ नसतो बाई.” लेकीने चहा आणला, तो पिऊन सोराइदा परत निघाली. पुलावर वारा होता. पुढच्या ऑगस्टापर्यंत रोमुलो राहील का, आपण राहू का, याचा हिशेब तिला करायचा नव्हता, तरी सगळी वाट ती तोच करत होती.

घरी येते तर नेमेसिओ पुन्हा हजर, या वेळी टोपी डोक्यावर, म्हणजे काहीतरी सुचलंय. तो म्हणाला, रोमुलो गाईना आणि तुम्हीही बोलायला तयार नाही, तर आपण एवारिस्तोची तबकडीच लावू. स्वतःचं गाणं स्वतःच उघडेल, यापेक्षा काय हवं? सोराइदाचं डोकं फिरलं. ती तबकडी एवारिस्तो पोरसवदा असतानाची. कंपनीने मागे व्हायोलिनं घातलेली, रोमुलोला बाहेर बसवून आपला कुणीतरी पगारी माणूस खालच्या सुराला घेतलेला. एवारिस्तोला स्वतःला ती ऐकवायची नाही. कुठे वाजली तर खोलीतून उठून जायचा. मंडळातलं ते गाणं, त्या दोघांचं, कुणी कधी उतरवून घेतलंच नव्हतं. दर रविवारी समोर होतं, कोण कशाला उतरवून घेतो?

“ती तबकडी वाजली,” सोराइदा म्हणाली, “तर मी मंडळाचं दार पुन्हा बघणार नाही. आणि तुमची आठवण सांगायला कोण येतं ते बघा मग.”

नेमेसिओ त्या धमकीने खरंच घाबरला. माणसाला मरणाची नसते एवढी भीती मेल्यावर कुणी चार शब्द बोलणार नाही याची असते. आमच्या भागात तर असतेच.

रविवार आला. जेवणं झाली, ताटं गोळा झाली, पिस्को दारूची एक फेरी झाली. हॉल भरला होता. एवारिस्तोची खुर्ची पुढे आणून ठेवली होती, तिच्यावर त्याची गिटार. दोन वाजून गेले तरी रोमुलोचा पत्ता नव्हता. नेमेसिओ दाराकडे बघत होता आणि काखेत तबकडी धरून होता, लपवल्यासारखी. सोराइदाला ती दिसत होती. मग रोमुलोची लेक बापाच्या दंडाला धरून आत आली. तो आला, पण पुढे न जाता मागच्या बाकावर बसला. “ऐकायला आलोय,” त्याने जाहीर केलं.

नेमेसिओने सोराइदाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ती उठली, सवयीने. खुर्चीजवळ गेली. समोर सगळे तोंडं वर करून बसलेले. काहींनी रुमालही काढून ठेवलेले. आतून भाषण आपोआप वर येऊ लागलं, पहिलं वाक्य जिभेवर येऊन बसलं, ते लोकांनाही पाठ होतं. तिने ते गिळलं.

“मला त्याचा आवाज आठवत नाही,” सोराइदा म्हणाली. “तुमच्यापुढे इतकं बोलले की तो पुसला गेला. आता मी बोलणार नाही. रोमुलो, तू ये.”

मागून रोमुलो म्हणाला, “तुला सांगितलं ना, मला खालचंच येतं.”

“मग खालचंच म्हण.”

“कळणार नाही कुणाला.”

“नाही कळलं तर नाही कळलं. ये.”

रोमुलोला पुढे यायला वेळ लागला. त्याने स्वतःची गिटार मांडीवर घेतली, एवारिस्तोच्या खुर्चीच्या डाव्या हाताला बसला, जिथे तो नेहमी बसायचा, आणि सुरू झाला. खरंच, पहिल्या ओळीला ते गाणं वाटेना. सूर एकाच जागी घोटाळल्यासारखा, चढायच्या ठिकाणी चढत नव्हता, उतरायच्या ठिकाणी उतरत नव्हता. नव्या लोकांपैकी एक-दोघे गालात हसले. रोमुलोचे कान लाल झाले, तरी तो गात राहिला. पाटात फूल सोडलं, ते वाहत गेलं, शेजारणीच्या दारावरून, चर्चच्या मागून. शब्द ओळखीचे, चाल परकी.

दुसरी ओळ संपली आणि रोमुलो थांबला.

विसरला, असं सगळ्यांना वाटलं. नेमेसिओ अर्धा उठलाही. पण रोमुलो विसरला नव्हता. त्याची बोटं तारांवर तयार होती, मान जराशी उजवीकडे वळलेली, खुर्चीकडे, आणि तो वाट बघत होता. एवारिस्तो तिसऱ्या ओळीला कधीच वेळेवर आला नाही. ताल पुढे जायचा, हा मागे राहायचा, आधी नाकाने एक श्वास ओढायचा, आणि मग, आता गाडी चुकली असं वाटेपर्यंत ताणून, ‘सांग ना’ म्हणत यायचा. जन्मभर रोमुलो या जागी त्याच्यासाठी थांबला होता. रिकाम्या खुर्चीसाठीही तो थांबला, कारण त्याला गाण्याची दुसरी पद्धत माहीतच नव्हती.

आणि सोराइदाला तो ऐकू आला. आधी श्वास, मग तो चिरका, सिगारेटींनी खरवडलेला, लाडिक आवाज, नळावरून हाक मारायचा तोच. सबंध वर्षात तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. अंत्यविधीलाही ती सगळ्यांना रडवून स्वतः कोरडी राहिली होती. आता तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती लोकांसमोर, कसलीही लाज न बाळगता, मोठ्याने रडली. रोमुलोला ते ऐकू गेलं असणार. त्याने तिसरी ओळ उचलली आणि कडवं पुरं केलं.

आता गाणं उघडलं होतं, ते सगळ्यांचं होतं. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरून कुणीतरी वरचा सूर हळूच धरला. मग आणखी दोघांनी, मग नेमेसिओने, तबकडी खाली ठेवून. बघता बघता सगळा हॉल वर आणि रोमुलो एकटा खाली, असं ते चाललं. पहिली ओळ, दुसरी ओळ. लोक रंगात आले होते. ताल धरून, छाती भरून, तिसरी ओळ अगदी वेळेवर उचलायला निघाले.

सोराइदाने रडता रडता हात वर केला.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून नाही. तो इथे उशिरा येतो.”

अख्खा हॉल तोंडं उघडी ठेवून थांबला.